सध्या काय वाचता आहात? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

मागील अंकात आम्ही वाचकांना दोन गोष्टी विचारल्या होत्या. सध्या आपल्या हाती कोणते पुस्तक आहे आणि आपले आवडते पुस्तक दुसऱ्याला देताना आपण त्याला काय सांगता? पहिल्या प्रश्नाची उत्तरे भरभरून आली आहेत. दुसऱ्या प्रश्नापाशी मात्र पुष्कळांची लेखणी अडखळलेली दिसते. पुस्तक मनापासून आवडलेले असते, पण ते कशामुळे आवडले हे लिहू लागल्यावर ‘अप्रतिम’, ‘वाचनीय’, ‘संग्राह्य’ याच शब्दांवर येऊन पत्र थांबते. त्यामुळे या वेळी पुस्तकांची यादी छापण्याऐवजी, वाचलेले दुसऱ्यापर्यंत कसे पोहोचवावे याविषयीची पत्रे निवडली आहेत. पत्रलेखकांची नावे नेहमीप्रमाणे दिलेली नाहीत.

प्रश्न : आमच्या वसाहतीतील दहा-बारा जण महिन्यातून एकदा जमतो आणि सध्या काय वाचत आहोत ते एकमेकांना सांगतो. प्रत्येक जण पुस्तकाचे नाव, लेखकाचे नाव आणि थोडे कथानक सांगतो, बाकीचे ‘छान आहे’ म्हणतात आणि चहा येतो. सांगितलेले पुस्तक नंतर कोणीच वाचत नाही. काय करावे? (एक वाचक, सांगली)

उत्तर : कथानक सांगणे काही महिने पूर्णपणे बंद करून पाहावे, असे मी सुचवेन. कथानक ऐकून झाल्यावर ऐकणाऱ्याला पुस्तकाची ओळख झाल्यासारखे वाटते आणि ते हाती घेण्याची निकड उरत नाही. त्याऐवजी प्रत्येकाने पुस्तकातली एकच जागा निवडावी, ज्या पानावर वाचता वाचता आपण थांबलो ते पान काढावे, त्यातला अर्धा-पाऊण पानाचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवावा आणि आपण तिथे का थांबलो एवढेच सांगावे.

आपण सांगलीचे, म्हणून आपल्याच जिल्ह्यातले उदाहरण घेतो. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ ही १९५५ साली प्रसिद्ध झालेली कादंबरी आटपाडीच्या बाजूच्या माणदेशात, त्या वेळच्या औंध संस्थानात घडते. धनगरांच्या एका वाडीत तरुण मास्तर येतो, शाळा सुरू करतो, गावाशी एकरूप होतो, पुढे दुष्काळ पडतो, असे तिचे कथानक कोणीही दोन मिनिटांत सांगू शकेल आणि त्यातून तिच्या थोरवीचा काहीही पत्ता लागणार नाही. त्याऐवजी शेकूच्या नांगरटीचा भाग घ्यावा. औताला दोन बैल लागतात आणि शेकूजवळ एकच आहे, तेव्हा त्याची बायको दुसऱ्या बैलाच्या जागी स्वतः जू खांद्यावर घेते. माडगूळकर येथे कळवळा व्यक्त करीत नाहीत, दारिद्र्यावर भाष्य करीत नाहीत आणि त्या बाईला थोर म्हणून उभीही करीत नाहीत. जमीन, ओल, बैल, बाई आणि मास्तरांची नजर एवढ्यावरच ते भागवतात. हा मजकूर चार माणसांत मोठ्याने वाचला तर खोलीत जे घडते ते कोणत्याही विशेषणाने घडत नाही.

दुसऱ्या एखाद्याने त्याच पुस्तकातली तालीम बांधण्याची जागा काढावी. सगळी वाडी अंगमेहनतीने तालीम उभी करते आणि तिच्या उद्घाटनाला खुद्द राजेसाहेब येतात. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी हे सूर्यनमस्कारांचे आणि व्यायामाचे मोठे पुरस्कर्ते होते, हे ठाऊक असलेल्या वाचकाला हा प्रसंग अधिकच खरा वाटतो. एकाच लहानशा कादंबरीतल्या अशा दोन जागा दोघांनी सांगितल्या की त्या दोघांतला फरकही कळतो आणि कादंबरी बाकीच्यांना खुणावू लागते.

व्यवस्थेविषयी आणखी एक सुचवतो. ज्या पुस्तकाविषयी बोलायचे ते बैठकीला प्रत्यक्ष आणावे आणि ज्याला ते वाचावेसे वाटेल त्याने ते तिथल्या तिथे घरी न्यावे. पुढच्या महिन्यात बोलण्याचा पहिला मान ते नेणाऱ्याचा असावा. ‘मला ते पुस्तक आवडले नाही’ असे तो म्हणाला तर त्याचे विशेष स्वागत करावे, कारण आवडण्याची कारणे आपण बहुधा एकमेकांची उचलतो, पण न आवडण्याची कारणे ज्याची त्याला शोधावी लागतात.

प्रश्न : मला कादंबऱ्यांत रस नाही. सध्या गोडसे भटजींचे ‘माझा प्रवास’ वाचतो आहे. ‘इतिहासाचे पुस्तक’ म्हटले की मित्र उत्सुकता दाखवत नाहीत. शिवाय माझ्याजवळची प्रत आणि एका मित्राजवळची प्रत यांतला मजकूर जुळत नाही. असे का? (एक वाचक, पेण)

उत्तर : मजकूर न जुळण्याचे कारण सांगता येण्यासारखे आहे. विष्णुभट गोडसे हे आपल्या पेण तालुक्यातल्या वरसईचे. १८५७ साली ते उत्तर हिंदुस्थानात गेले आणि तिकडे जे पाहिले व भोगले ते त्यांनी पुष्कळ वर्षांनी, चिंतामणराव वैद्य यांच्या आग्रहावरून लिहून काढले. वैद्यांनी हे पुस्तक १९०७ साली प्रसिद्ध केले, तेव्हा त्यांनी मजकुरात काटछाट आणि फेरफार केले होते. पुढे १९६६ साली दत्तो वामन पोतदार यांनी मूळ हस्तलिखितावरून स्वतंत्र आवृत्ती सिद्ध केली. त्यामुळे बाजारात आणि ग्रंथालयांत या पुस्तकाच्या दोन वेगळ्या परंपरा आहेत. आपली प्रत कोणत्या परंपरेतली आहे ते प्रस्तावनेवरून लगेच कळेल. प्रथमच वाचणाऱ्याने हस्तलिखितावर आधारलेली प्रत मिळवावी, असे माझे मत आहे. गोडसे भटजींचे बोलणे त्यांच्याच वळणाने ऐकण्यात फार मोठा आनंद आहे.

मित्रांना सांगताना ‘इतिहास’ हा शब्द बाजूला ठेवावा. घरावर कर्ज झालेले आहे, मथुरेला बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार असून तिथे चांगली दक्षिणा मिळेल असे कळते आणि एक गरीब भिक्षुक तरुण चुलत्याबरोबर पायी निघतो. वाटेत त्याला पेटलेला मुलूख लागतो, पुढे तो झाशीत राहतो आणि इंग्रज फौज शहरात शिरल्यावरचे लुटीचे आणि कत्तलीचे दिवस जीव मुठीत धरून काढतो. या माणसाला कोणतीही बाजू सजवून मांडायची नाही, म्हणूनच त्याच्या शब्दावर विश्वास बसतो. मला स्वतःला या पुस्तकात सर्वांत जवळची वाटते ती गंगेची कावड. मिळालेला पैसा लुटीत गेला तरी आईवडिलांना गंगोदकाने स्नान घालायचे, या निश्चयाने तो ती कावड एवढ्या धामधुमीतून सांभाळीत वरसईपर्यंत आणतो. मित्रांना या कावडीविषयी सांगून पाहावे.

प्रश्न : आवडत्या पुस्तकाविषयी बोलताना शेवट सांगावा की सांगू नये? माझ्या बहिणीने विश्राम बेडेकरांच्या ‘रणांगण’चा शेवट सांगितल्यामुळे मी ते पुस्तक वाचायचेच सोडून दिले. (एक वाचिका, सोलापूर)

उत्तर : रहस्यकथेचा शेवट सांगू नये, हे उघड आहे. ‘रणांगण’ मात्र शेवट ठाऊक असूनही वाचावे. १९३९ साली, म्हणजे दुसरे महायुद्ध ज्या वर्षी सुरू झाले त्याच वर्षी, ही कादंबरी प्रसिद्ध झाली. हिटलरच्या जर्मनीतून हाकलले गेलेले ज्यू निर्वासित ज्या बोटीवर आहेत त्याच बोटीने मायदेशी परतणारा चक्रधर आणि त्या निर्वासितांतली हॅर्टा यांची ही कहाणी आहे. बोटीचा प्रवास संपणार आहे आणि बंदर आले की वाटा वेगळ्या होणार आहेत, हे वाचकाला आरंभापासूनच दिसत असते. तरीही आपण पान उलटत राहतो, कारण हाती उरलेल्या थोड्या दिवसांत ही दोन माणसे काय बोलतात, काय बोलायचे टाळतात आणि भोवतालच्या द्वेषाचा किती अंश त्यांच्याही मनात उतरलेला आहे, हे पाहायचे असते. पुस्तक लहान आहे, दोन संध्याकाळींत वाचून होईल. बहिणीवरचा राग सोडावा आणि ते पुन्हा हाती घ्यावे.

प्रश्न : माझे वय आता सत्तरीच्या पुढे आहे. नवी पुस्तके पाहते, परंतु मन जुन्यातच रमते. सध्या लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ पुन्हा वाचते आहे. आमच्या महिला मंडळात सर्व जणी नवीन पुस्तकांविषयी बोलतात, तिथे हे सांगायला संकोच वाटतो. सर्वांनी केव्हा ना केव्हा वाचलेल्या पुस्तकाविषयी नवीन काय सांगणार? (एक वाचिका, नाशिक)

उत्तर : ‘सर्वांनी वाचलेले’ असे आपण ज्या पुस्तकांविषयी समजतो, त्यांतली बरीचशी पुस्तके शाळेच्या पाठ्यपुस्तकातल्या एका उताऱ्यापुरतीच वाचलेली असतात. ‘स्मृतिचित्रे’च्या बाबतीत तर हे विशेष खरे आहे. त्याच्या संक्षिप्त आवृत्त्याही निघालेल्या असल्यामुळे संपूर्ण पुस्तक वाचलेल्या माणसांची संख्या आपल्याला वाटते त्याहून पुष्कळच कमी असावी. आपण निःसंकोचपणे सांगावे, आणि हे पुस्तक आपण नाशिकमध्ये सांगता आहात याचा उपयोगही करून घ्यावा. लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ सालचा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. आपल्या मैत्रिणींपैकी कित्येकींच्या येण्याजाण्याच्या वाटेवरचा हा परिसर आहे.

पुनर्वाचनात जे हाती लागते ते प्रथम वाचनात क्वचितच लागते. तरुणपणी ‘स्मृतिचित्रे’ वाचताना रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे धर्मांतर हेच पुस्तकाचे केंद्र वाटते. १८९५ साली टिळक ख्रिस्ती झाले आणि लक्ष्मीबाईंच्या संसाराची घडी मोडली, त्या दुःखाची पाने वाचताना आजही हात थांबतो. उतारवयात वाचताना मात्र लक्ष आरंभीच्या प्रकरणांतल्या सोवळ्याकडे जाते. वडिलांचे सोवळे इतके कडक की बाजारातून आलेले धान्यही धुतल्याशिवाय घरात घ्यायचे नाही. सारे घर त्या धाकाखाली वावरते आणि लक्ष्मीबाई ते सारे हसत हसत सांगतात. याच घरातली मुलगी पुढे जातिभेदाचा प्रश्न स्वतःच्या मनाशी सोडवते, कोणाच्या सांगण्यावरून नव्हे तर स्वतः विचार करून ते बंधन टाकून देते आणि तेव्हा कुठे नवऱ्याच्या धर्मात जाते. सोवळ्याची विनोदी प्रकरणे आणि हे विचाराचे प्रकरण यांच्यामध्ये बरीच पाने आहेत. ती दोन्ही टोके एकत्र धरून दाखवणे ज्याने पुस्तक पुन्हा वाचले आहे त्यालाच जमते.

मंडळात सांगताना लक्ष्मीबाईंच्या गद्याविषयीही अवश्य बोलावे. शालेय शिक्षण जवळजवळ नसलेल्या या बाईने १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध झालेल्या या आत्मचरित्रात जे मराठी लिहिले आहे, त्याच्या तोडीचे गद्य पदवीधर लेखकांतही विरळा सापडते. वाक्ये लहान, क्रियापदे भक्कम, आणि दुःखाच्या ऐन क्षणी एखादी साधी वस्तू पुढे करून आवाज खाली आणण्याची हातोटी विलक्षण आहे. टिळकांनी अपूर्ण ठेवलेले ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य त्यांच्या पश्चात याच बाईंनी पुढे नेले, हेही मैत्रिणींना सांगावे. कित्येकींना ते ठाऊक नसेल.

प्रश्न : महाविद्यालयात साहित्याची आवड असलेल्या मित्रांत ‘कोसला’ न वाचलेला मी एकटाच आहे. दोनदा सुरू केली, पन्नास पानांच्या आत सोडली. खोटे बोलून वेळ मारून नेतो. माझ्यात काही कमी आहे का? (एक विद्यार्थी, नांदेड)

उत्तर : काहीही कमी नाही. खोटे बोलणे तेवढे सोडून द्यावे, कारण त्यामुळे आपण पुस्तकाविषयी बोलण्याचा खरा आनंद गमावता. ‘पन्नास पानांत मी थांबलो, तुम्हाला पुढे काय सापडले?’ असा प्रश्न मित्रांना विचारावा. ज्याने ती खरोखर वाचली आहे तो उत्साहाने सांगेल.

भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’ १९६३ साली आली, तेव्हा लेखकाचे वय पंचविशीचे होते. खानदेशातल्या सांगवीचा पांडुरंग सांगवीकर शिकण्यासाठी पुण्याला येतो. वसतिगृह, खाणावळ, स्नेहसंमेलन, परीक्षा यांतून त्याला आपल्या जगण्याचा पोकळपणा जाणवत जातो आणि अखेर तो घरी परततो. आरंभीचा तुटक, तिरकस, एकाच शब्दावर पुनःपुन्हा येणारा सूर कित्येकांना दूर लोटतो. त्या सुरामागे काय आहे हे पुढे उलगडते. क्रम मोडण्यास हरकत नसेल, तर धाकट्या बहिणीच्या मृत्यूचा भाग आधी वाचावा आणि मग आरंभाकडे यावे. एवढा वेळ तिरकस बोलणारा हा मुलगा तिथे ज्या तऱ्हेने बोलतो ते वाचल्यावर त्याच्या आधीच्या बोलण्याचा अर्थ बदलतो. पुस्तक पहिल्या पानापासूनच वाचले पाहिजे असा दंडक नाही, हे विद्यार्थ्यांना कोणी तरी सांगायला हवे. याउपरही ती आवडली नाही, तर तसे निर्धास्तपणे म्हणावे आणि दहा वर्षांनी पुन्हा उघडून पाहावी.

प्रश्न : ‘आवडती पुस्तके’ म्हणून जी नावे वारंवार छापून येतात, त्यांत आमचे वऱ्हाड जवळजवळ नसते. मी सध्या उद्धव शेळके यांची ‘धग’ वाचतो आहे आणि इतकी थोर कादंबरी बाहेरच्या वाचकांपर्यंत का पोहोचत नाही, याचे वाईट वाटते. (एक वाचक, अकोला)

उत्तर : आपली तक्रार रास्त आहे आणि ती या सदरालाही लागू होते. आवडत्या पुस्तकांच्या याद्या बहुधा पुण्या-मुंबईत बसून केल्या जातात आणि बोलीतल्या संवादांची अडचण पुढे करून चांगली पुस्तके बाजूला ठेवली जातात. ही अडचण मला मुळीच पटत नाही. पंधरा-वीस पाने धीराने वाचली की वऱ्हाडी कानात बसते, आणि एकदा बसली की कादंबरीची नायिका कौतिक हिचे बोलणे दुसऱ्या कोणत्याही मराठीत ऐकावेसे वाटत नाही.

‘धग’ १९६० सालची आहे. शिंपीकाम करणारा महादेव कर्तृत्वाने कमी पडतो आणि सगळा संसार कौतिक ओढते. पुढे नवऱ्याला महारोग होतो. लेखक तिला देवी करीत नाही. ती चिडते, टाकून बोलते, हिशेब मांडते, लेकरांसाठी कोणापुढेही उभी राहते. गरिबीवर मराठीत भरपूर लिहिले गेले आहे, पण पैशाअभावी दिवसाचा प्रत्येक तास कसा वाकतो हे इतक्या जवळून फार थोड्यांनी दाखवले आहे.

आपण ‘धग’ संपवल्यावर रा. रं. बोराडे यांची ‘पाचोळा’ लगेच वाचावी, अशी माझी आग्रहाची सूचना आहे. ती १९७१ सालची, मराठवाड्यातली. तिथेही शिंप्याचेच घर आहे आणि तिथेही सारे एका बाईभोवती फिरते. फरक एवढाच, की तिथे बाई स्वतःच आपल्या बोलीत सगळी हकीकत सांगते. ‘धग’मध्ये निवेदन प्रमाण मराठीत आणि संवाद वऱ्हाडीत आहेत, ‘पाचोळा’मध्ये पारबतीच्या तोंडूनच कहाणी येते. ही दोन पुस्तके पाठोपाठ वाचली की निवेदन कोण करतो आहे यावर घराचे चित्र किती बदलते, हे एखाद्या समीक्षेच्या ग्रंथापेक्षा स्पष्ट कळते. आपल्या बाहेरगावच्या मित्रांना ही जोडी भेट द्यावी आणि सोबत आपल्या आवाजात वाचलेला वऱ्हाडी संवादांचा एखादा तुकडा ध्वनिमुद्रित करून पाठवावा. बोली डोळ्यांपेक्षा कानांनी लवकर कळते.

प्रश्न : आम्ही मस्कतला राहतो. बारा वर्षांच्या मुलीला मराठी बोलता येते, वाचताना मात्र ती अडखळते आणि कंटाळते. माझी आवडती पुस्तके तिला द्यावीत असे फार वाटते. ‘श्यामची आई’पासून सुरुवात केली होती, ती तिने बाजूला ठेवली. (एक वाचिका, मस्कत)

उत्तर : साने गुरुजींच्या पुस्तकाविषयी आपल्याइतकाच आदर बाळगून सांगतो, की ते सुरुवातीचे पुस्तक नव्हे. १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या त्या पुस्तकातले कोकण, ते सण, ती गरिबी आणि ती भाषा यांतले काहीच आपल्या मुलीच्या रोजच्या पाहण्यातले नाही. आणखी दोन-तीन वर्षांनी ते तिच्यासमोर ठेवावे.

तूर्त भा. रा. भागवतांचा ‘फास्टर फेणे’ घ्यावा. फुरसुंगीचा काटकुळा बनेश फेणे सायकलवर टांग मारून संकटात उडी घेतो आणि प्रकरण पानागणिक पुढे सरकते. वाचनाचा वेग कमी असलेल्या मुलांना असेच पुस्तक लागते. एक पान आपण मोठ्याने वाचावे, संवाद आले की बनेशचे बोलणे तिने वाचावे. रोज पंधरा मिनिटे पुरेत. प्रकरण उत्कंठेच्या जागी आले की तिथेच थांबावे, उरलेले ती स्वतः वाचील.

त्यानंतर ‘तोत्तोचान’. तेत्सुको कुरोयानागी यांचे हे जपानी पुस्तक चेतना सरदेशमुख-गोसावी यांच्या अनुवादातून मराठीत आले आहे. एका शाळेतून काढून टाकलेली लहान मुलगी आगगाडीच्या डब्यांत वर्ग भरणाऱ्या शाळेत येते, आणि मुख्याध्यापक पहिल्याच दिवशी तिला सांगतात, तुला जे सांगायचे आहे ते सगळे सांग. ती चार तास बोलते आणि ते चार तास ऐकतात. परदेशातल्या शाळेत वाढणाऱ्या मुलीला हे प्रकरण फार जवळचे वाटेल, असा मला विश्वास आहे. सगळे बोलून झाल्यावर अजून काही सांगायचे आहे का असे मुख्याध्यापक विचारतात, तिथे थांबून तिला बोलते करावे. राम पटवर्धनांनी मराठीत आणलेले ‘पाडस’ मात्र चौदाव्या-पंधराव्या वर्षासाठी राखून ठेवावे. ज्योडी आणि त्याचे हरणाचे पाडस यांची ती गोष्ट शेवटाकडे इतकी कठोर होते, की ती पेलण्याइतके वय असावे लागते. ज्या दिवशी ती ते संपवील, त्या दिवशी आपण घरी असावे.

प्रश्न : आपण सुचवलेली पुस्तके तालुक्याच्या ठिकाणी मिळतच नाहीत. दुकानात स्पर्धा परीक्षांची पुस्तके आणि पाठ्यपुस्तके एवढेच असते. मग आम्ही काय वाचायचे? (एक वाचक, परभणी जिल्हा)

उत्तर : आपल्या तालुक्याच्या सार्वजनिक वाचनालयात प्रथम जावे. १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमाखाली मान्यता मिळालेली वाचनालये ‘अ’, ‘ब’, ‘क’ आणि ‘ड’ अशा वर्गांत मोडतात आणि त्यांना शासनाचे अनुदान मिळते. तिथल्या पुस्तकांच्या निवडीत वाचकांचे म्हणणे पोहोचले पाहिजे आणि ते लेखी पोहोचवणे हे आपले काम आहे. हवी असलेली पाच-सहा पुस्तके नाव, लेखक आणि प्रकाशकासह लिहून द्यावीत, शक्य झाल्यास आणखी चार सभासदांच्या सह्या घ्याव्यात. मागणी नसल्यामुळे पुस्तके घेतली जात नाहीत आणि पुस्तके नसल्यामुळे वाचक फिरकत नाहीत, हे चक्र कुठून तरी तोडावे लागते. ग्रंथपालाशी ओळख वाढवावी. ‘एक होता कार्व्हर’ हे १९८१ पासून सतत वाचले जाणारे चरित्र लिहिणाऱ्या वीणा गवाणकर या व्यवसायाने ग्रंथपालच होत्या.

नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानने २००९ मध्ये सुरू केलेला ‘ग्रंथ तुमच्या दारी’ हा उपक्रम आपल्या उपयोगी पडेल. त्यात पुस्तकांच्या पेट्या वाचकगटांना दिल्या जातात आणि ठरावीक काळाने त्या एका गटाकडून दुसऱ्याकडे जातात. अशी पेटी लहान प्रमाणात आपल्या गावातली आठ-दहा कुटुंबेही स्वतः तयार करू शकतात. प्रत्येकाने घरातली तीन पुस्तके घालावीत आणि पेटी महिन्याने पुढच्या घरी जावी. पेटीत एक वही ठेवावी. प्रत्येक वाचकाने आपण कोणत्या पानावर थांबलो ते तीत लिहावे, म्हणजे पुढच्या घरातला वाचक ते पान उत्सुकतेने उघडेल.

जुन्या पुस्तकांविषयी एक कायदेशीर सोयही ध्यानात ठेवावी. आपल्याकडे लेखकाच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या पुस्तकाचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी संपतो. लक्ष्मीबाई १९३६ मध्ये आणि साने गुरुजी १९५० मध्ये गेले. त्यांचे मूळ लेखन आता सर्वांना मोकळे आहे, कोणालाही त्याच्या प्रती काढता येतात आणि त्यामुळे ते स्वस्त आवृत्त्यांतही मिळू शकते.

प्रश्न : आवडते पुस्तक वाचायला दिले की ते परत येत नाही. देणे बंद करावे का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : देणे बंद करू नये. जे पुस्तक पुन्हा मिळणे कठीण आहे, ज्यावर आपल्या खुणा आहेत किंवा जे कोणी सही करून दिलेले आहे, ते घराबाहेर जाऊ देऊ नये आणि तसे स्पष्ट सांगावे. जे बाजारात सहज मिळते त्याची दुसरी प्रत देण्यासाठी म्हणून वेगळी घेऊन ठेवावी. दिलेल्या पुस्तकाची नोंद वहीत करावी आणि महिन्याभराने पुस्तक मागण्याऐवजी ‘कुठपर्यंत आलात?’ असे विचारावे. वाचत असलेला माणूस लगेच बोलू लागतो. न वाचणारा बहुधा त्याच आठवड्यात पुस्तक परत आणून देतो.

पुढील अंकासाठी वाचकांनी सध्या वाचत असलेल्या पुस्तकातले एकच पान निवडून त्याविषयी दोनशे शब्दांपर्यंत लिहावे. पुस्तकाचे नाव, लेखक, आवृत्तीचे वर्ष आणि पानाचा क्रमांक न विसरता द्यावा. खानदेश, कोकण, गोवा आणि महाराष्ट्राबाहेरच्या वाचकांची पत्रे या वेळी फारच थोडी होती, त्यांनी अवश्य लिहावे.